वनस्पती-अर्कांची जिवाणूरोधक चाचणी : प्रतिबंध-क्षेत्राच्या मिलिमीटरवरून नेमके काय कळते?

अर्कशोधक (धागाकर्ता)

औषधी वनस्पतींच्या अर्कांची जिवाणूरोधक क्षमता तपासणारे विद्यार्थी-प्रकल्प आणि शोधनिबंध माझ्याकडे परीक्षणासाठी नेहमी येतात. त्यांपैकी बहुतेकांचा शेवट जवळजवळ एकाच वाक्याने होतो : अमुक अर्काने तमुक जिवाणूविरुद्ध इतक्या मिलिमीटरचे प्रतिबंध-क्षेत्र (जिवाणूंची वाढ न झालेले वर्तुळ) दाखवले, म्हणून ही वनस्पती प्रतिजैविकांना पर्याय ठरू शकते. या वाक्याचा पूर्वार्ध हे निरीक्षण आहे. उत्तरार्ध मात्र त्या निरीक्षणातून निघत नाही. असे का, हे नीट मांडावे आणि इतरांचे अनुभव व मतभेदही समजून घ्यावेत, म्हणून हा धागा काढत आहे.

पद्धत थोडक्यात अशी. म्युलर-हिंटन अगार या जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमाचा ४ मिलिमीटर जाडीचा थर पेट्री डिशमध्ये ओततात. ९० मिलिमीटर व्यासाच्या डिशला त्यासाठी सुमारे २५ मिलिलिटर माध्यम लागते. द्रवात मिसळलेल्या जिवाणूंचे निलंबन मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मोजपट्टीवरील ०.५ शी जुळवतात, म्हणजे दर मिलिलिटरला साधारण १० ते २० कोटी जिवाणू येतात. हे निलंबन स्वॅबने पृष्ठभागावर सर्व दिशांनी पसरवून त्यावर ६ मिलिमीटरची डिस्क ठेवतात, किंवा अगारात छिद्र पाडून त्यात अर्क भरतात, आणि ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तास उबवून निर्मळ वर्तुळाचा व्यास मोजतात. बावर, कर्बी, शेरिस आणि टर्क यांनी १९६६ मध्ये डिस्कची ही पद्धत प्रमाणित स्वरूपात मांडली.

या पद्धतीचे सामर्थ्य कशात आहे, हेच बहुधा विसरले जाते. प्रतिजैविकांच्या बाबतीत डिस्कवरील औषधाचे वजन ठरलेले असते, आणि प्रत्येक औषधासाठी असंख्य जिवाणू-वाणांवर व्यास व किमान रोधक संहती (एमआयसी), म्हणजे जिवाणूंची दिसणारी वाढ थांबवणारे औषधाचे सर्वांत कमी प्रमाण, यांचा परस्परसंबंध आधीच जुळवून ठेवलेला असतो. त्या आधारामुळेच व्यासावरून जिवाणू संवेदनशील आहे की प्रतिरोधक, हे सांगता येते. वनस्पती-अर्कासाठी असा आधार कोणीच तयार केलेला नसतो. त्यामुळे अर्काचे १८ मिलिमीटर आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे १८ मिलिमीटर हे एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी लिहिता येतात, पण त्यांची तुलना करता येत नाही.

साधा हिशेब करून पाहा. जेंटामायसिनच्या प्रमाणित डिस्कवर १० मायक्रोग्रॅम औषध असते. अर्काची संहती मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असेल आणि छिद्रात ५० मायक्रोलिटर भरले असतील, तर तिथे ५ मिलिग्रॅम, म्हणजे औषधाच्या ५०० पट वजनाचा पदार्थ ठेवला जातो. निबंधात मात्र दोन्ही व्यास सारखे असल्यामुळे 'अर्क प्रतिजैविकाइतकाच प्रभावी' असे छापले जाते. कच्च्या अर्कात सक्रिय रेणूंचा वाटा थोडाच असतो, हे मान्यच आहे. पण तो किती आहे हे माहीत नसताना समतुल्यतेचा दावा कशाच्या जोरावर करायचा?

दुसरी अडचण विसरणाची, म्हणजे माध्यमातून रेणू पसरत जाण्याची आहे. अगार हा पाण्याने भरलेला जाळीदार थर असल्यामुळे लहान, पाण्यात विरघळणारे रेणू त्यातून झपाट्याने पसरतात, तर मोठे किंवा तेलकट रेणू छिद्राच्या कडेलाच अडकतात. म्हणून मोठे वर्तुळ हे कधी कधी केवळ चांगल्या विसरणाचे लक्षण असते आणि लहान वर्तुळामागे अत्यंत प्रभावी, परंतु न पसरणारा रेणू असू शकतो. दोन वेगळ्या वनस्पतींच्या अर्कांची क्रमवारी व्यासावरून लावणे मला म्हणूनच मुळात चुकीचे वाटते.

पर्णिका

धागा अगदी वेळेवर आला. मी पदव्युत्तर प्रकल्पासाठी एका वनस्पतीच्या पानांचे पाण्यातले आणि इथेनॉलमधले असे दोन अर्क तपासत आहे. इथेनॉलच्या अर्काने स्टॅफिलोकॉकस ऑरियसविरुद्ध वर्तुळ दिले, पाण्याच्या अर्काने काहीच दिले नाही, आणि ई. कोलायवर दोन्ही निष्प्रभ ठरले. पारंपरिक वापर मात्र काढ्याच्या रूपात, म्हणजे पाण्यातच आहे. यावरून परंपरेतला वापर निराधार आहे असे म्हणावे का? शिवाय माझ्या अर्काचा रंग इतका गडद आहे की छिद्राभोवतीचे वर्तुळ खरोखर निर्मळ आहे की केवळ रंगाचा डाग आहे, हेच मला अनेकदा ठरवता येत नाही.

द्रावणी

पर्णिका, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, कारण द्रावक बदलला की अर्कात येणारा पदार्थच बदलतो. पाण्यात प्रामुख्याने शर्करा, क्षार, टॅनिन आणि ग्लायकोसाइड उतरतात. ७० टक्के इथेनॉलमध्ये फ्लॅव्होनॉइड, अनेक अल्कलॉइड आणि काही टर्पिनॉइड येतात. हेक्झेनमध्ये मेदयुक्त व तेलकट भाग येतो. एकाच पानाचे हे तीन अर्क रसायनशास्त्राच्या दृष्टीने तीन वेगळी मिश्रणे आहेत. शिवाय काढा ज्या तक्रारीसाठी दिला जातो, तिचा जिवाणू मारण्याशी काही संबंध असेलच असे नाही.

काढण्याच्या रीतीने निकाल कसा पालटतो, याची लसूण आणि आर्टिमिसिनिन ही दोन उदाहरणे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. अख्ख्या पाकळीत अॅलिसिन जवळजवळ नसतेच. पाकळी ठेचल्यावर पेशी फुटतात, अॅलिन हा पूर्वद्रव्य-रेणू आणि अॅलिनेझ हे विकर (एन्झाइम) एकत्र येतात आणि तेव्हा अॅलिसिन तयार होते. पाकळ्या न ठेचता उकळल्या, तर उष्णतेने विकर निकामी होते आणि जिवाणूरोधक क्रिया जवळपास नाहीशी होते. आर्टिमिसिनिन हे जिवाणूंविरुद्धचे औषध नव्हे, ते हिवतापावरचे आहे, पण शिकवण तीच आहे : चिनी संशोधक तू यूयू यांच्या गटाला उष्णतेने काढलेल्या अर्कांनी भरवशाचे निकाल दिले नाहीत, आणि १९७१ मध्ये कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने काढलेल्या अर्काने ते दिले. त्याच कामासाठी तू यूयू यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या प्रकल्पात सॉक्सलेट उपकरणात तासन्तास तापवलेला अर्क 'निष्क्रिय' ठरतो, तिथे वनस्पती निष्क्रिय होती की तापवण्याने ती तशी झाली, हा प्रश्न खुलाच राहतो.

आता टॅनिनबद्दल. साल, फळांची टरफले आणि कित्येक पाने टॅनिनने समृद्ध असतात. टॅनिन प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करते आणि लोहालाही बांधून ठेवते, त्यामुळे जिवाणूंची वाढ थांबलेली दिसते. ही क्रिया खरी असते, पण ती कोणत्याही प्रथिनावर होते. तिच्यात जिवाणूंना हेरून मारणारे विशेष असे काही नसते. तुमच्या छिद्राच्या अगदी कडेला पांढुरकी, दुधाळ अशी अरुंद कडी दिसत असेल, तर ती वाढ समजू नका आणि निर्मळ क्षेत्रही समजू नका. माध्यमातील प्रथिनांचा तो साका असण्याची शक्यता आधी तपासा. पॉलिव्हिनिलपॉलिपायरोलिडोनने टॅनिन काढून घेऊन तोच अर्क पुन्हा लावावा. वर्तुळ नाहीसे झाले, तर कर्ता कोण होता ते कळेल.

सूक्ष्मरेषा

मी रुग्णालयीन सूक्ष्मजीवशास्त्रात काम करते, म्हणून वाचनाबद्दल लिहिते. डिश उलटी धरून काळ्या, न चमकणाऱ्या पृष्ठभागावर परावर्तित प्रकाशात पाहा. गडद अर्काचा रंग अगारात पसरलेला असला तरी जिवाणूंची वाढ झाली असेल तर पृष्ठभाग खरखरीत व अपारदर्शक दिसतो, आणि वाढ नसेल तर तो गुळगुळीत व ओलसर दिसतो. तरीही शंका राहिली, तर त्या भागावरून निर्जंतुक तारेने हलकेच घासून ताज्या माध्यमावर रेघ ओढावी. छिद्र पाडताना अगार तळापासून सुटले असेल, तर अर्क खालून झिरपतो आणि वर्तुळ एका बाजूला फुगते. छिद्राच्या तळाशी वितळलेल्या अगारचा थेंब सोडून तो गोठू दिला की हा प्रकार थांबतो.

ई. कोलायवर परिणाम न दिसणे अपेक्षितच म्हणावे लागेल. ग्रॅम-ऋण जिवाणूंना लिपोपॉलिसॅकराइडचे बाह्य पटल असते. ते तेलकट रेणूंना अडवते, आणि जे आत शिरतात त्यांना एक्रएबी-टोलसीसारखे पंप बाहेर फेकतात. ग्रॅम-धन स्टॅफिलोकॉकसला हे बाह्य पटल नसते. त्यामुळे केवळ ग्रॅम-धन जिवाणूंवर चाललेल्या अर्काला 'व्यापक क्रियेचा' म्हणणे टाळावे.

धागाकर्त्यांच्या मुद्द्यात मी कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठीच्या चाचणीची, भर घालीन. केवळ द्रावक भरलेले छिद्र प्रत्येक डिशमध्ये हवेच, आणि ते अर्काइतक्याच आकारमानाचे व तितक्याच तीव्रतेचे हवे. डीएमएसओ हा अर्क विरघळवण्यासाठी वापरला जाणारा द्रावक जास्त प्रमाणात स्वतःच वाढ रोखते, म्हणून द्रव माध्यमात त्याचे अंतिम प्रमाण १ टक्क्याच्या आसपास ठेवणे बरे. अर्काचा पीएच मोजायलाच हवा. तो आम्लधर्मी असेल, तर त्याच पीएचचे नुसते आम्ल शेजारच्या छिद्रात लावून पाहावे. सेंद्रिय आम्लांनी दिलेली वर्तुळे औषधी रेणूंच्या नावावर जमा झालेली मी पाहिली आहेत. प्रतिजैविकाची डिस्क अर्काशी स्पर्धा लावण्यासाठी नसते. त्या दिवशीचे माध्यम, निलंबन आणि तापमान ठीक होते की नाही, हे ती सांगते. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या प्रमाणित वाणावर १० मायक्रोग्रॅम जेंटामायसिनचे वर्तुळ १९ ते २६ मिलिमीटरमध्ये यायला हवे. ते आले नाही, तर त्या दिवशीचे अर्काचे आकडेही वापरू नयेत.

निरभ्र

मला येथे थोडा वेगळा सूर लावायचा आहे. लहान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ९६ कप्प्यांच्या प्लेट, सूक्ष्म पिपेट, प्लेट-वाचक यांपैकी काही नसते. अगार विसरण ही त्यांना करता येण्याजोगी एकमेव चाचणी असते, आणि पन्नास वनस्पतींमधून पाच निवडायच्या असतील, तर ती पुरेशी आहे. तुमच्या निकषांनी पाहिले तर असे काम होणारच नाही. प्राथमिक चाळणीला चाळणी म्हणून तरी मान्यता द्यायला काय हरकत आहे?

अर्कशोधक

निरभ्र, चाळणीला माझा विरोध नाही. चाळणीतून पडलेल्याला औषध म्हणण्याला आहे. मात्र अगार विसरणाची चाळणी दोन्ही बाजूंनी गळते, हे लक्षात ठेवावे : न पसरणारे चांगले रेणू ती टाकून देते आणि आम्ल, टॅनिन यांना आत घेते. आणि किमान रोधक संहती काढण्यासाठी महागडी साधने लागतातच असे नाही. साध्या परीक्षानळ्यांत द्रव माध्यम घेऊन अर्क दर वेळी निम्मा करत जावे, प्रत्येक नळीत दर मिलिलिटरला अंतिम ५ लाख जिवाणू येतील असे निलंबन घालावे आणि १६ ते २० तासांनी कोणत्या शेवटच्या नळीपर्यंत वाढ दिसत नाही ते पाहावे. एक नळी जिवाणूंविना आणि एक अर्काविना ठेवावी. शिवाय प्रत्येक संहतीला जिवाणूंविना अर्काची जोडनळी ठेवली, तर गढूळपणा अर्काचा की वाढीचा, हेही कळते. पंचावन्न वर्तुळे मोजण्यापेक्षा पाच अर्कांच्या अशा नळ्या लावणे विद्यार्थ्याला अधिक शिकवून जाते.

कोणता आकडा चांगला मानायचा, याबद्दल या क्षेत्रात बऱ्यापैकी एकमत आहे. कच्च्या अर्काची किमान रोधक संहती मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल, तर पुढे जाण्यासारखे काही तरी आहे. ती १ मिलिग्रॅमच्या वर असेल, तर तिला जिवाणूरोधक क्रिया म्हणून मिरवू नये, असे रिओस आणि रेसिओ यांनी २००५ मध्येच सुचवले होते. त्यानंतरही मिलिलिटरला २५ किंवा ५० मिलिग्रॅम संहतीवरच्या 'उल्लेखनीय' निकालांचे निबंध येतच राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यामागे विद्यार्थ्यांचे खरे कष्ट असतात आणि ते योग्य दिशेला लावले असते तर त्यांतून काही हाती लागले असते.

पर्णिका

गडद अर्कासाठी रिसाझुरिन हे रंगद्रव्य वापरता येईल असे वाचले आहे. जिवंत पेशी त्याचा निळा रंग गुलाबी करतात, त्यामुळे गढूळपणा पाहावा लागत नाही. हे विश्वसनीय आहे का?

द्रावणी

उपयोगी आहे, पण अर्काला स्वतःची क्षपणशक्ती (इलेक्ट्रॉन देण्याची क्षमता) असते हे विसरू नका. फिनॉलयुक्त, प्रतिऑक्सिडीकारक अर्क काही वेळा जिवाणू नसतानाही रिसाझुरिन गुलाबी करतात. म्हणून अर्क, माध्यम आणि रिसाझुरिन असलेला, पण जिवाणू नसलेला कप्पा प्रत्येक संहतीला ठेवाच. रंग उबवण पूर्ण झाल्यावर घालावा, आणि निर्णय अडला तर त्या कप्प्यातून थोडे द्रव ताज्या अगारावर ठेवून वाढ येते का ते पाहावे. त्याच कृतीने किमान जिवाणूनाशक संहतीही मिळते. मूळ संख्येच्या ९९.९ टक्के जिवाणू मेले असतील, तरच नाशक म्हणायचे.

हळदीतल्या कर्क्युमिनवर काम करणाऱ्यांनी तर विशेष जपावे. ते पिवळे आहे, प्रतिदीप्त आहे, उदासीन व अल्कधर्मी पीएचला झपाट्याने विघटित होते आणि नाना प्रकारच्या चाचण्यांत खोटे होकार देते. २०१७ मध्ये त्यावर प्रसिद्ध झालेल्या एका सविस्तर आढाव्याने याच कारणांसाठी सावधगिरीचा इशारा दिला.

सुगंधी तेलांची अडचण आणखी वेगळी आहे. ती पाण्यात मिसळत नाहीत आणि त्यांची वाफ शेजारच्या कप्प्यांत जाऊन तिथलीही वाढ रोखते. ती वेगळ्या प्लेटमध्ये, झाकण पक्के करून लावावीत; तेल समप्रमाणात राहण्यासाठी द्रव माध्यमात ०.१५ टक्के अगार घालण्याची युक्ती चांगली चालते.

सहचर

येथील चर्चेत एक बाजू राहून जात आहे, असे मला वाटते. एकेक घटक वेगळा काढून त्याची संहती मोजण्याच्या आग्रहात मिश्रणाचे मिश्रणपण हरवते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेले दारुहळदीच्या वंशातील एका वनस्पतीवरचे काम पाहा. तिच्यातील बर्बेरीन हा अल्कलॉइड स्टॅफिलोकॉकसवर एकटे फारसे चालत नाही, कारण नॉरए हा पंप ते बाहेर फेकतो. त्याच वनस्पतीतील ५'-मेथॉक्सिहिड्नोकार्पिन हा रेणू स्वतः जिवाणूंना काहीच करत नाही, पण तो पंप अडवतो, आणि मग बर्बेरीन प्रभावी ठरते. वेगवेगळे तपासले असते, तर दुसरा रेणू निरुपयोगी म्हणून फेकला गेला असता.

अर्कशोधक

सहचर, हे उदाहरण मला फार प्रिय आहे आणि तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण ते सहकार्य सिद्ध कसे झाले ते पाहा : दोन्ही रेणू शुद्ध रूपात, मोजलेल्या प्रमाणात, एकेकटे आणि एकत्र तपासले गेले. मिश्रणाचा गुण दाखवायचा असेल, तर चौकटपटाची मांडणी करून दोन्हींच्या संहती आडव्या-उभ्या निम्म्या करत जाव्या आणि अंशात्मक रोधक संहतीचा निर्देशांक काढावा, म्हणजे प्रत्येक घटकाच्या एकत्र असतानाच्या किमान रोधक संहतीला त्याच्या एकट्याच्या संहतीने भागून दोन्ही भागाकारांची बेरीज करावी. तो ०.५ किंवा त्याहून कमी आला तर परस्परपूरकता, ४ च्या वर गेला तर विरोध, आणि मधल्या पट्ट्यात कोणताही दावा करू नये. 'घटक एकत्र असल्यामुळे परिणाम वाढला असावा' हे वाक्य प्रयोगाशिवाय लिहिलेले मी अनेकदा पाहतो, आणि तिथे माझा आक्षेप आहे.

संख्यावेध

आकडेवारीबद्दल दोन शब्द. संहती निम्मी-निम्मी करत गेल्यामुळे किमान रोधक संहतीची मोजपट्टी मुळातच दुपटीच्या पायऱ्यांची असते आणि एका पायरीचा फरक हा पद्धतीचाच भाग आहे. त्यामुळे २५० आणि ५०० मायक्रोग्रॅममधला फरक 'लक्षणीय' ठरवू नका, आणि सरासरी अधिक-उणे प्रमाण विचलन असे लिहू नका. मध्यक किंवा गुणोत्तर मध्य द्यावा. एकाच अर्कातून भरलेली तीन छिद्रे म्हणजे तीन स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. त्यांनी फक्त तुमच्या हाताची स्थिरता कळते. वेगवेगळ्या झाडांवरून, वेगळ्या वेळी गोळा केलेल्या पानांचे वेगवेगळे अर्क काढले, तरच वनस्पतीबद्दल काही म्हणता येते.

सूक्ष्मरेषा

त्याला जोडून : वनस्पतीची ओळख वनस्पतीतज्ज्ञाकडून पक्की करून तिचा वाळवलेला नमुना संग्रहालयात क्रमांकासह ठेवायलाच हवा. बेल्जियममध्ये स्टेफानियाच्या जागी अॅरिस्टोलोकियाची मुळे वजन घटवण्याच्या औषधात गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९३ मध्ये ते प्रथम नोंदवले गेले. चुकीच्या वनस्पतीवरचा प्रयोग कितीही काटेकोर असला, तरी त्याचा उपयोग नाही.

पेशींवरची विषाक्तताही त्याच वेळी पाहावी. निम्म्या प्राणी-पेशी मारणारी संहती २५० आणि जिवाणू रोखणारी ५०० मायक्रोग्रॅम असेल, तर पहिलीला दुसरीने भागून मिळणारा निवडकता-निर्देशांक ०.५ येतो; असा अर्क जिवाणूंआधी आपल्याच पेशींना इजा करतो. आणि शालेय पातळीवरच्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे की घसा, जखम किंवा नाल्यातून जिवाणू गोळा करून ते वाढवू नयेत. निरुपद्रवी म्हणून ओळखले जाणारे वाण, प्रशिक्षित व्यक्तीची देखरेख आणि प्रत्येक डिश टाकण्यापूर्वी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक करणे, यांत सूट नाही.

पर्णिका

सर्वांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न : पाण्याच्या अर्काचा निकाल नकारार्थी आला आहे. तो प्रबंधात द्यावा की गाळावा? आणि इथेनॉलच्या अर्काचे व्यास आता अजिबातच देऊ नयेत का?

अर्कशोधक

दोन्ही द्या. नकारार्थी निकाल देताना 'क्रिया आढळली नाही' एवढ्यावर थांबू नका. कोणत्या द्रावकात, किती तापमानाला, किती कोरड्या पानांपासून किती अर्क निघाला आणि मिलिलिटरला किती संहतीपर्यंत तपासूनही वाढ थांबली नाही, ते लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला तीच वाट पुन्हा चालावी लागणार नाही. व्यास देताना छिद्राचा व्यास त्यात धरला आहे की वजा केला आहे आणि छिद्रात अर्काचे किती मिलिग्रॅम होते, ते तक्त्यातच नमूद करा. एका ग्रॅम पानांतून निघालेल्या अर्काच्या वजनाला किमान रोधक संहतीने भागले, तर एकूण क्रियाही मिळते : ५० मिलिग्रॅम अर्क आणि मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅम संहती असेल, तर एका ग्रॅम पानांतला अर्क १०० मिलिलिटरपर्यंत पातळ केला तरी वाढ रोखतो. दोन द्रावकांची तुलना करायला हा आकडा व्यासापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. पाण्याच्या अर्काला किमान रोधक संहतीच मिळालेली नसल्यामुळे त्याच्यासाठी मात्र हा भागाकार करू नका. त्या रकान्यात तपासलेली सर्वोच्च संहती 'पेक्षा जास्त' या चिन्हासह लिहा.